पुठ्ठ्याची चौकट

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेल्यावर एक गोष्ट मला नेहमी खटकते. खुर्चीवर पांढरे कापड अंथरलेले असते, त्यावर गेलेल्या माणसाचा फोटो, पुढे मेणबत्ती आणि पांढरी फुले. पण फोटो जवळून पाहिला की कळते, हा कोणाच्या तरी लग्नाच्या फोटोतून कापून मोठा केलेला आहे. गालाला चिकटून परक्या माणसाचा खांदा असतो, नाही तर नवरदेवाच्या हाराचा तुकडा असतो. माझ्या सासूबाईंच्या फोटोत त्यांच्या दंडावर कोणाची तरी चार बोटे राहिली आहेत. ती बोटे कोणाची, हे आता घरात कोणालाच सांगता येत नाही. पासष्ट वर्षे जगलेल्या, पाच मुले वाढवलेल्या बाईचा तिचा एकटीचा असा एकही फोटो नव्हता.

याला गरिबी कारण आहेच. स्टुडिओत जाऊन फोटो काढायचा तर पैसे लागत आणि एक दिवसाचा खाडाही होई. जे थोडेफार फोटो होते तेही २६ जुलै २००५ च्या पुराने नेले. त्या दिवशी वालधुनीचे पाणी ज्यांच्या घरात शिरले त्यांना ठाऊक आहे, धान्य आणि कपडे पुन्हा घेता येतात, पण अल्बमची पाने एकदा एकमेकांना चिकटली की चेहरे पानाबरोबर सोलून निघतात.

आता प्रत्येक घरात मोबाईल आहे, फोटोंना तोटा नाही. तरीही घरातल्या म्हातारीचा धड फोटो शोधू गेले तर मिळत नाही. वाढदिवसाच्या फोटोत ती काठावर अर्धी दिसते, हातात पोह्यांच्या बश्या घेऊन. म्हणून आमच्या विहाराच्या महिला मंडळाने ठरवले की, कॅम्प दोनमधल्या आपल्या गल्ल्यांत सत्तरीच्या वरची जेवढी माणसे आहेत त्या प्रत्येकाचा एकेक चांगला फोटो काढून ठेवायचा, पुढे लागेल तेव्हा धावपळ नको. काम माझ्याकडे आले. माझ्या मुलाचा फोन चांगला आहे, एवढीच माझी पात्रता होती. पन्नाशी उलटल्यावर मी फोटो काढायला शिकू लागले ती अशी.

शिकवणारे भेटले ते फर्निचर बाजाराच्या अंगाला दुकान असलेले एक सिंधी काका. आमचे उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या बराकींत जागा मिळाली आणि १९४९ मध्ये या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. काकांच्या वडिलांनी बराकीच्या एका खोलीत स्टुडिओ उघडला होता. आमची माणसे पुढे कामाच्या शोधात मराठवाड्यातून, खानदेशातून आली आणि बराकींच्या मागच्या मोकळ्या जागांत पत्रे टाकून राहिली. त्यांच्यातल्या कित्येकांनी आयुष्यातला पहिला फोटो या काकांकडेच काढला आहे. आता स्टुडिओ नावापुरता उरला आहे. काका झेरॉक्स काढतात, लॅमिनेशन करतात, पासपोर्टचे फोटो काढतात.

मी फोन पुढे केला तर त्यांनी तो बाजूला ठेवला. गजानन मार्केटमधल्या शर्टाच्या पाकिटात जो पांढरा पुठ्ठा असतो, तसला एक घेतला आणि मधोमध पोस्टकार्डाएवढी चौकोनी खिडकी कापली. म्हणाले, "बेटा, आठ दिन मोबाईल बंद. ये लेके घूम."

मी आठ दिवस तो पुठ्ठा घेऊन फिरले. एक डोळा मिटायचा आणि खिडकीतून पाहायचे. पुठ्ठा डोळ्याजवळ धरला की सगळी गल्ली आत येते, हात लांब केला की फक्त एक दार आणि दारात तांदूळ निवडणारी बाई उरते. गल्लीतली पोरे मागे लागली, "मावशी, काय दिसतंय?" मी त्यांनाही दाखवले. खरे तर त्या आठ दिवसांतच निम्मे शिक्षण झाले. उघड्या डोळ्यांना सगळेच दिसत असते, म्हणून त्यातले नको ते जाणवत नाही. पुठ्ठ्यातून पाहिले की कळते, दोरीवरचा ओला परकर बरोबर आजोबांच्या डोक्यावर आला आहे, टीव्हीच्या छत्रीचा दांडा काकूंच्या डोक्यातून उगवला आहे, निळे पिंप बाईपेक्षा जास्त डोळ्यांत भरते आहे. परकर काढता येतो. दांडा काढता येत नाही, पण आपण दोन पावले डावीकडे सरकू शकतो. फोटोची रचना म्हणतात ती निम्मी ही, आपण कुठे उभे राहायचे त्याची.

पुढचा धडा दोऱ्याचा. मी घरी कपड्यांचे धागे कापण्याचे काम करते हे काकांना माहीत होते. त्यांनी काळा दोरा आणायला सांगितला आणि पुठ्ठ्याच्या खिडकीला दोन आडवे, दोन उभे दोरे लावायला लावले. खिडकीचे नऊ सारखे चौकोन झाले. फोनच्या कॅमेऱ्यातही अशी जाळी असते, सेटिंगमध्ये ग्रिड म्हणून सापडते. नियम असा की माणूस नेहमी मधल्या चौकोनात खिळ्यासारखा ठोकायचा नाही. त्याला एका उभ्या दोऱ्यावर घ्यावे, डोळे वरच्या आडव्या दोऱ्याच्या आसपास यावेत आणि तो ज्या बाजूला पाहतो आहे त्या बाजूला जास्त जागा सोडावी. नजरेच्या पुढे लगेच काठ आला की माणूस भिंतीला तोंड करून उभा केल्यासारखा वाटतो. डोक्यावर थोडी जागा हवी, पण फार नको, नाही तर माणूस विहिरीत उतरल्यासारखा दिसतो. मनगट, गुडघा, घोटा अशा सांध्यावर काठ येऊ देऊ नये, अवयव तुटल्यासारखा वाटतो. हा तिसऱ्या भागाचा नियम चित्रकारांकडून आला आहे. इंग्लंडमध्ये १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ नावाच्या चित्रकाराने तो पुस्तकात नावानिशी मांडला होता. म्हणजे कॅमेरा यायच्या कितीतरी आधीचा.

नियम पाठ झाले की माणसाला सगळीकडे तेच दिसू लागते. मी घरातल्या भिंतीवरचे, विहारातले, जयंतीच्या अंकांतले फोटो पुन्हा पाहू लागले. त्यात एक फोटो मी शेकडो वेळा पाहिला असेल. राजगृहावर फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेला बाबासाहेबांच्या कुटुंबाचा. डावीकडून यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, मोठ्या भावाच्या पत्नी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंदराव आणि लाडका कुत्रा टॉबी. यावेळी मी बोटाने माणसे मोजली. पाच माणसे आहेत आणि बरोबर मधोमध कोण आहे? बाबासाहेब नाहीत. रमाई आहेत. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. हे मनात ठेवून तो फोटो पाहिला की नजर मधून हलत नाही. दोन बायका पुरुषांच्या मागे नाहीत, त्यांच्याच ओळीत आहेत. आपल्याकडच्या सामूहिक फोटोंत काय होते ते पाहा. पुढच्या खुर्च्यांवर पदाधिकारी, त्यांच्यामागे कार्यकर्ते आणि ज्यांनी सकाळपासून खीर ढवळली त्या बायका अगदी मागे, टाचा उंचावून.

(आणि फ्लेक्सबद्दल तर बोलायलाच नको. जयंतीच्या फ्लेक्सवर तीस चेहरे असतात. ज्याने वर्गणी जास्त दिली त्याचे डोके मोठे, आणि ज्यांची जयंती ते वर एका कोपऱ्यात. ही सुद्धा एक रचनाच आहे. त्यात कोणाला महत्त्व आहे ते अगदी स्पष्ट कळते.)

त्यानंतर मंडळाच्या प्रत्येक सामूहिक फोटोत मी एक काम करते. खुर्च्या काढून टाकते आणि सगळ्यांना सतरंजीवर बसवते. वयस्कर बाया मध्ये, पुरुष दोन्ही टोकांना. एका भाऊंनी तोंड वाकडे केले होते. फोटो आल्यावर त्यांनी तोच आपल्या फोनवर लावला.

काकांनी ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ घेतला ती म्हणजे कॅमेऱ्याची उंची. त्यांनी मला एकाच माणसाचे तीन फोटो काढायला लावले. माणूस जमिनीवर बसलेला. एक फोटो मी उभी राहून काढला, एक त्याच्या डोळ्यांच्या रेषेत बसून आणि एक जमिनीला टेकून खालून. तिन्ही फोटो शेजारी ठेवले तर माणूस तोच आहे यावर विश्वास बसेना. वरून काढलेल्यात तो मागणारा वाटत होता, खालून काढलेल्यात पुढारी. बरोबरीने बसून काढलेल्यात मात्र तो जो होता तोच, गोदामात हमाली करणारा, दुपारची विश्रांती घेणारा माणूस होता.

मग मला आपल्या वस्त्यांचे वर्तमानपत्रांत येणारे फोटो आठवले. पूर आला, आग लागली, झोपड्या तुटल्या की फोटो येतात. फोटो काढणारा उभा असतो, आपली माणसे बसलेली असतात, माना वर आणि हात पुढे. त्या फोटोत खोटे काहीच नसते, संकट खरेच असते. पण तीच माणसे उरलेले तीनशे साठ दिवस काम करतात, पोरांना शाळेत घालतात, वंदनेला बसतात. त्या दिवसांचे फोटो डोळ्यांच्या रेषेत बसून कोण काढणार? ते आपल्यालाच काढावे लागतील.

हे ज्याने फार पूर्वी ओळखले तो माणूस अमेरिकेतला. गॉर्डन पार्क्स त्याचे नाव. १९१२ साली कॅन्सासमध्ये एका गरीब काळ्या कुटुंबात जन्मला, पंधरा भावंडांतला शेवटचा. रेल्वेत वेटरची नोकरी करताना त्याने फोटो पाहिले आणि गहाणवटीच्या दुकानातून साडेसात डॉलरला जुना कॅमेरा घेतला. शाळेत जाऊन फोटोग्राफी शिकला नाही. १९४२ साली सरकारी फोटोविभागात काम करायला तो वॉशिंग्टनला आला, तर राजधानीच्या दुकानात, हॉटेलात, थिएटरात काळा म्हणून त्याला डावलले गेले. तेव्हा त्याच्या वरिष्ठाने त्याला सांगितले की इमारतीत झाडू मारणारी जी बाई आहे तिच्याशी जाऊन बोल. एला वॉटसन तिचे नाव. पार्क्सने आधी कॅमेरा उचलला नाही, तिची कहाणी ऐकली. मग तिला अमेरिकेच्या झेंड्यापुढे उभे केले, झाडू आणि पोछा तिच्या बाजूला ठेवला आणि समोरून, तिच्या बरोबरीने फोटो घेतला. बाई हसत नाही, केविलवाणीही दिसत नाही, सरळ उभी आहे. तिसऱ्या भागाचा नियम पार्क्सने इथे वापरलेला नाही, बाई मधेच आहे. नियम मोडून तिला मध्ये ठेवले, कारण त्या देशाने तिला कधीच मध्ये ठेवले नव्हते. हाच पार्क्स पुढे 'लाइफ' या मोठ्या साप्ताहिकाचा पहिला काळा फोटोग्राफर झाला. ज्यांच्या नावावरून १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली, त्या ब्लॅक पँथरच्या कार्यकर्त्यांचेही फोटो त्याने काढले.

आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काळे-पांढरे फोटो काढले आहेत. गटारात छातीपर्यंत उतरलेला माणूस, कचऱ्याच्या गाडीतली माणसे. शहराला जे बघायचे नसते ते त्यांनी शहरापुढे धरले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो पाहताना पोटात कालवते. आपल्या नात्यागोत्यातली माणसेच ती.

आता उजेडाबद्दल. आमच्या घरांना पुढे एक दार असते आणि मागे मोरी. उजेड येतो तो दारातून. मला वाटे, अशा अंधाऱ्या घरात काय फोटो निघणार? काका म्हणाले, मोठमोठे स्टुडिओ पैसे खर्चून हाच एका बाजूचा उजेड तयार करतात. ट्यूबलाइट वरून पडते, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो आणि माणूस आजारी दिसतो. म्हणून ट्यूब बंद करायची, फ्लॅश बंद करायचा आणि माणसाला दाराच्या आत हातभर अंतरावर, दाराकडे एक गाल करून बसवायचे. सकाळी नऊच्या सुमारास ऊन गल्लीत असते, घरात शिरलेले नसते, तेव्हाचा उजेड मऊ असतो. एक गाल उजळतो, दुसऱ्यावर हलकी सावली राहते आणि चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती आपापल्या जागी दिसते. फोन फार जवळ नेऊ नये, नाक मोठे आणि कान लहान दिसतात. पाच-सहा फूट मागे जाऊन दुप्पट मोठे करून घ्यावे.

सावळ्या चेहऱ्याच्या मागे चुन्याची पांढरीशुभ्र भिंत नको, फोन भिंतीला पाहून चेहरा आणखी काळा करतो. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावले की तो सुधारतो. आणि फोनमधले ते गोरे करण्याचे बटण पहिल्यांदा बंद करावे. यावरून एक खरी गोष्ट सांगते. जुन्या काळी कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी नमुना म्हणून एका गोऱ्या बाईचा फोटो देत असे, त्याला शर्ली कार्ड म्हणत. रंग गोऱ्या कातडीवर जुळवलेले, त्यामुळे काळ्या माणसांचे चेहरे डांबरासारखे येत. काळ्या माणसांनी सोसले. १९७० च्या दशकात चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रार केली की आमच्या मालाच्या गडद छटा फोटोत वेगळ्या दिसत नाहीत, तेव्हा कुठे फिल्म सुधारण्याकडे लक्ष गेले! आमच्या फर्निचर बाजारातून जाताना पॉलिश केलेली कपाटे पाहिली की मला हे आठवते आणि हसूही येते, रागही येतो.

एवढे शिकून मी आमच्या गल्लीतल्या आजींकडे गेले. वय पंच्याहत्तरच्या पुढे. तीस वर्षे सफाई कामगार म्हणून रस्ते झाडले. १९५६ साली पाच-सहा वर्षांच्या असताना वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. त्यांना तिथले एवढेच आठवते की जिकडे पाहावे तिकडे पांढरी कापडे. त्यांच्याजवळ स्वतःचा फोटो म्हणून आधार कार्डावरचा आहे, बस्स.

माझ्या डोक्यात गॉर्डन पार्क्सचा फोटो होता. मी म्हटले, "आजी, झाडू घेऊन बसता का? तुमच्या कामाचा मान म्हणून."

आजींनी माझ्याकडे पाहिले. "तीस वर्सं हातात व्हता की. आता फोटूत बी त्योच?"

मी पुढे बोलले नाही. ओलव्यांचे फोटो शहरासाठी आहेत, पार्क्सचा फोटो त्याच्या देशासाठी होता. हा आजींच्या घरासाठी होता आणि त्यात काय असावे हे त्या ठरवणार होत्या. त्यांनी पांढरे लुगडे नेसले, चष्मा पुसून घातला. ट्यूब बंद केली. दाराशी पाट ठेवला, त्यावर त्या बसल्या. मी खाली फरशीवर, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत. मागच्या दोरीवरचे कपडे काढले, गॅसची टाकी बाजूला केली. आजींचे हात मांडीवर होते. त्या हातांच्या शिरा दारातल्या उजेडात अशा उठून दिसत होत्या की मी चौकट थोडी खाली आणून हात पूर्ण आत घेतले.

काकांच्या जुन्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघत, म्हणून मीही बाराच काढायचे ठरवले होते. नऊ काढले. मला त्यातला एक फार आवडला. आजी दाराकडे पाहत आहेत, नजरेपुढे मोकळी जागा, डोळे बरोबर वरच्या दोऱ्यावर, एका गालावर उजेड. दुसऱ्या एकात त्या मधोमध बसून सरळ माझ्याकडे पाहत होत्या, साधाच. मी दोन्ही त्यांना दाखवले आणि पहिल्याची तारीफ केली.

आजींनी चष्मा वर-खाली करून पाहिले. "ह्यात मी दाराकडं बघतीया. कुणाची तरी वाट बघतीया असं दिसतंय. मी कुणाची वाट बघत न्हाई." त्यांनी दुसऱ्या फोटोवर बोट ठेवले. "ह्यो."

काकांनी तो आठ बाय दहा इंचांत छापून दिला. "फेस थोडा साफ करू?" असे सवयीने विचारले, आणि माझ्याकडे पाहून स्वतःच नको म्हणाले. मी फोटो घेऊन गेले तेव्हा आजींना म्हटले की मंडळाने सगळे फोटो विहाराच्या कपाटात जपून ठेवायचे ठरवले आहे, पुढे लागतील तेव्हा काढू.

"म्हंजी मी मेल्यावर," आजी म्हणाल्या. "आन् मी कवा बघायचा?"

शेजारच्या बाईने हळूच सांगितले की जिवंत माणसाचा फोटो भिंतीला लावू नये म्हणतात. आजींनी तिला विचारले, कोण म्हणतं, बुद्ध म्हणतात का बाबासाहेब? मग नातवाला हातोडी आणायला सांगितली. जागा त्यांनीच दाखवली, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली नाही, तर समोरच्या भिंतीवर, पाटावर बसले की आपल्याला आपण दिसू एवढ्या उंचीवर. नातवाने खिळा ठोकला. मंडळाच्या यादीत अजून एकवीस माणसे आहेत आणि त्यांच्यातल्या चौघांनी निरोप पाठवला आहे की आमच्याकडे येताना खिळे घेऊनच ये.